जखमेचा आकडा

दुपारचे साडेतीन वाजले की रुग्णालयाची तळमजल्यावरची रेकॉर्ड रूम जरा शांत होते. सकाळपासून दाखल्यांसाठी ताटकळलेली माणसं पांगलेली असतात. रेकॉर्डचे मामा खुर्चीत मान टाकून डुलकी काढत असतात. पंख्याच्या वाऱ्यावर केसपेपरांची टोकं तेवढी फडफडत राहतात. नेमकं याच वेळी ताईंचं खरं काम सुरू होतं.

त्यांचं नाव वेगळं आहे, पण मामांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणतात. बी. कॉम. होऊन त्या कारकून म्हणून लागल्या. बरीच वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या. पुढे रुग्णालयात अपघातग्रस्तांची नोंदवही ठेवायचं ठरलं आणि एक जाडजूड पुस्तक त्यांच्या टेबलावर येऊन पडलं. शरीराला होऊ शकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक इजेला त्यात एक अंक दिलेला आहे. केसपेपर वाचायचा, इजा शोधायची, तिचा अंक नोंदवायचा, हे त्यांचं काम.

ऐकायला हे अगदी रुक्ष वाटतं. ताईंनाही पहिले काही दिवस तसंच वाटलं होतं. धान्याच्या दुकानातल्या वहीसारखं! पण एका संध्याकाळी घरी भाकरी थापता थापता त्या मध्येच थांबल्या. आज आपण लिहिलेल्या सतरा ओळींपैकी चार ओळींची माणसं आता या जगात नाहीत, हे त्यांच्या अचानक लक्षात आलं. तेव्हापासून ते पुस्तक त्यांना रुक्ष वाटलं नाही.

या अंकांचा उगम शोधायचा तर पहिल्या महायुद्धाच्या काळात जावं लागतं. ह्यू डीहेवन नावाचा एक अमेरिकन तरुण कॅनडातल्या हवाई दलाच्या तुकडीत विमान चालवायला शिकत होता. सरावात त्याच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. तो वाचला, पण पोटातले अवयव फाटले होते. अंथरुणावर पडल्या पडल्या तो विचार करू लागला : आपण वाचलो कसे? आणि नेमकं पोटच का फाटलं? त्याला उत्तर सापडलं ते त्याच्याच पट्ट्याच्या टोकदार बकलात. लोक म्हणत होते, दैव बलवत्तर म्हणून वाचला. त्याला ते पटेना. उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांच्या नोंदी त्याने गोळा केल्या आणि १९४२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. माणूस पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही कधी कधी जगतो. तो कशावर आदळला आणि तो धक्का शरीरभर कसा विभागला गेला, यावर बरंच काही अवलंबून असतं, असं त्याने मांडलं. मोटारीचा अपघात म्हणजे निव्वळ नशिबाचा फेरा नव्हे, जखमेलाही कारण असतं, हा विचार तिथून पुढे रुजत गेला.

पण कारण शोधायचं तर आधी मोजता आलं पाहिजे. एका डॉक्टरच्या लेखी ‘बरंच लागलंय’, दुसऱ्याच्या लेखी ‘तितकंसं नाही’. अशा शब्दांची बेरीज कशी करायची? म्हणून डॉक्टर आणि मोटारींचे अभियंते एकत्र बसले आणि १९७१ मध्ये अमेरिकेत इजांची एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. १ म्हणजे किरकोळ, २ मध्यम, ३ गंभीर, ४ तीव्र, ५ अतिगंभीर. ६ म्हणजे जिथे आजच्या वैद्यकाचेही हात टेकतात, अशी इजा. पुढे या मोजपट्टीच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. आज प्रत्येक इजेला सहा आकडी क्रमांक असतो, मग एक टिंब आणि टिंबापुढे हा गांभीर्याचा अंक. पहिला आकडा शरीराचा भाग सांगतो. ५ ने सुरू झालं की पोट, ८ ने सुरू झालं की पाय.

एकाच माणसाला चार ठिकाणी लागलं तर? त्याचं उत्तर १९७४ मध्ये सुझन बेकर या अमेरिकन संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. बाल्टिमोरमधल्या २,१२८ अपघातग्रस्तांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. नुसत्या अंकांची बेरीज मृत्यूशी नीट जुळेना. पण सर्वांत जास्त दुखावलेल्या तीन भागांतले सर्वांत मोठे अंक घेतले, त्यांचे वर्ग केले आणि मग बेरीज केली, तर ती चांगली जुळली. शाळेतल्या मुलालाही जमेल असं हे गणित आहे. त्याचं उत्तर १ ते ७५ च्या दरम्यान येतं. कुठे एकही ६ असला, तर सरळ ७५ धरायचे. बेरीज पंधराच्या वर गेली, की मोठा आघात.

ताईंना हे गणित तोंडपाठ आहे. आणि या गणितानेच त्यांना एका दुपारी अडवून धरलं.

केसपेपरवर ‘एम. एल. सी.’चा लाल शिक्का होता. म्हणजे पोलिसांकडे जाणारी केस. वय १९, पुरुष, मोटारसायकल. तालुक्याच्या दवाखान्यातून इथे पाठवलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे मृत्यू. ताईंनी इजा उतरवायला घेतल्या. मांडीचं हाड मोडलेलं : ३. अंगावर खरचटलेलं : १. आणि पोटाच्या रकान्यात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी घाईत लिहिलेल्या इंग्रजी ओळीचा अर्थ एवढाच होता : ‘प्लीहेला चीर’. बस्स! किती मोठी, किती खोल, काही नाही. पुढचं पान, ज्यावर शस्त्रक्रियेचा तपशील असतो, ते गठ्ठ्यात नव्हतंच.

अशा वेळी पुस्तकाचा नियम अगदी स्पष्ट आहे. तपशील नसेल तर स्वतःच्या मनाचं काही घालायचं नाही. ‘बहुधा’, ‘शंका आहे’, ‘असावं’ असं लिहिलेल्या इजेला अंक द्यायचा नाही. आणि नुसती ‘चीर’ एवढंच असेल, तर प्लीहेला २. ताईंनी मांडणी केली. दोनचा वर्ग चार, तीनचा वर्ग नऊ, एकाचा एक. बेरीज चौदा.

चौदा! म्हणजे मोठा आघातही नाही. आणि मुलगा तर गेला.

शेजारच्या टेबलावरचे मामा जागे झाले होते. ताई अशा टक लावून बसलेल्या पाहून म्हणाले, “काय झालं ताई? गेलेला माणूस आहे ना? मग घाला की पाच. कोण विचारतंय?”

वरवर पाहता मामांचं म्हणणं चूक वाटत नाही. ज्या इजेने जीव घेतला ती अतिगंभीरच असणार, नाही का? पण या साऱ्या पद्धतीचा जीव नेमका याच नकारात आहे. माणूस जगला की वाचला नाही, हे पाहून इजेचा अंक ठरवायचा नाही. इजा काय होती, एवढंच पाहायचं. कारण गेलेल्या प्रत्येकाला पाच आणि वाचलेल्या प्रत्येकाला दोन असं लिहीत गेलो, तर ती नोंदवही मृत्यूच्या रजिस्टरात आधीच असलेलं तेवढंच सांगेल. चौदा गुणांचा असूनही जो गेला, तो मग कधी दिसणारच नाही. आणि पहिला प्रश्न तर त्याच्याबद्दलच विचारायचा असतो : एवढीच इजा होती, तर हा का गेला? रक्त वेळेवर मिळालं नाही? वाटेत उशीर झाला? कुणाच्या काही नजरेतून सुटलं? १९८७ मध्ये तर इजेची ही बेरीज, आल्या वेळची शुद्ध, रक्तदाब आणि श्वासाची स्थिती आणि वय यांवरून रुग्ण जगण्याची शक्यता काढायची रीतच बसवली गेली. जगायला हवा होता आणि गेला, जाईल असं वाटलं होतं आणि जगला, अशी दोन्ही प्रकारची माणसं त्यातून वेगळी काढता येतात. पहिल्यांकडून चुका कळतात, दुसऱ्यांकडून काय बरोबर झालं ते कळतं. अंकात भावना मिसळली, की दोन्ही गोष्टी हरवतात.

ताई मामांना म्हणाल्या, “पाच घालता येतील मामा. पण ते सापडले पाहिजेत.”

मग शोधाशोध सुरू झाली. शवविच्छेदनाची नोंद मिळते का, हे त्यांनी आधी पाहिलं. मिळाली, पण तिथे लिहिलं होतं, ‘प्लीहा शस्त्रक्रियेने काढलेली’. साहजिकच आहे. जी पोटात राहिलीच नव्हती, तिची चीर तिथे कशी दिसणार? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या तिसऱ्या मजल्यावर शस्त्रक्रियागृहाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. सिस्टरांनी रजिस्टर काढून दिलं. तारीख सापडली. समोर शस्त्रक्रियेचं नाव होतं, सर्जनच्या सहीशेजारी सहाय्यक डॉक्टरांचं नाव होतं. ते डॉक्टर वॉर्डात होते. डोळे तांबारलेले, ॲप्रनच्या खिशात अर्धा बिस्किटाचा पुडा. ताईंनी विचारलं, तसे ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “आठवतोय ना. पोट उघडलं तेव्हा रक्तच रक्त होतं. प्लीहा देठापासून सुटली होती. मी लिहिलं होतं ताई, ते पान कुठे गेलं?”

ते पान दुसऱ्याच एका रुग्णाच्या कागदांना टाचलेलं निघालं. त्यावर सगळं होतं. प्लीहेचा चेंदा, देठातल्या रक्तवाहिन्या तुटलेल्या, पोटात साठलेलं रक्त. ताई खाली आल्या, पुस्तक उघडलं आणि क्रमांक लिहिला : ५४४२२८.५. पाचाचा वर्ग पंचवीस, तिनाचा नऊ, एकाचा एक. पस्तीस.

कालचे चौदा आणि आजचे पस्तीस. मुलगा तोच, जखम तीच. फरक एका हरवलेल्या पानाचा. ही गोष्ट ताईंच्या मनात फार खोल गेली. केसपेपरवर जे उतरत नाही, ते नोंदवहीपुरतं घडलेलंच नसतं. तीस-तीस तासांची ड्यूटी करणाऱ्या डॉक्टरांना एक शब्द जास्त लिहायला सांगणं सोपं नाही, हे त्यांना कळतं. तरीही त्या आता आठवड्यातून एकदा वॉर्डात चक्कर मारतात. “डॉक्टर, बरगड्या मोडल्या म्हणता, पण किती? एक मोडली तर एक, तीन मोडल्या तर तीन गुण असतात हो!” सुरुवातीला पोरं हसायची. आता लिहितात.

हा प्रश्न एका रुग्णालयापुरता नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. एवढ्या माणसांच्या जखमा नेमक्या कशा होत्या, कुठल्या जखमेचा माणूस वाचवता आला असता, हे सांगणाऱ्या नोंदी त्या मानाने फारच थोड्या. २०१३ पासून दोन वर्षं मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथल्या चार मोठ्या रुग्णालयांत सुमारे सोळा हजार आघातग्रस्तांची अशी नोंद झाली. तिच्या आधारे आपल्याकडचे रुग्ण केव्हा आणि कशाने दगावतात, यावर पुष्कळ अभ्यास झाले. त्या प्रत्येक ओळीमागे कुठेतरी अशाच एखाद्या टेबलावर कुणीतरी केसपेपर वाचत बसलेलं होतं.

अंकांना मर्यादाही आहेत, आणि त्या ताईंइतक्या कुणाला ठाऊक असणार? दोन्ही मांड्यांची हाडं मोडली, तरी जुन्या हिशेबात पायांचा भाग एकदाच धरला जातो. १९९७ मध्ये बेकरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरही तोड काढली. भाग कुठलाही असो, सर्वांत वाईट तीन इजा घ्या, असं सुचवलं. पण कुठलाही हिशेब केला तरी काही गोष्टी त्यात येतच नाहीत. जखम शरीराची मोजली जाते, संसाराची नाही.

कायद्याची मोजपट्टी आणखी वेगळी. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘गंभीर दुखापत’ म्हणजे काय, याचे आठ प्रकार दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते जवळपास तसेच आहेत. एखादा दात मोडला, तरी कायद्याने ती गंभीर दुखापत. ताईंच्या पुस्तकात तिला १. नुकसानभरपाईच्या दाव्यात तिसराच हिशेब चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात सांगितलं आहे, की हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, तोच कचेरीतला कारकून असेल तर तसं होईलच असं नाही. हात तेवढाच गेलेला, नुकसान मात्र वेगळं. म्हणून एका मोजपट्टीचा आकडा दुसरीला लावायचा नसतो. पोलिसांच्या कागदावरचा ‘गंभीर’ आणि डॉक्टरांच्या कागदावरचा ‘गंभीर’ हे जुळे भाऊ नव्हेत, हे घरच्या माणसांनी ध्यानात ठेवलेलं बरं. त्याचबरोबर, पहिल्या दवाखान्यातल्या चिठ्ठीपासून शेवटच्या कागदापर्यंत सगळं नीट जपून ठेवावं. अपघात किती वाजता झाला, कसा झाला, कशावर आदळला, हे ज्याने पाहिलं त्याने डॉक्टरांना सांगावं आणि लिहून घ्यायला लावावं. त्या चार ओळींना पुढे किती मोल येईल, हे त्या घाईत कुणालाच कळत नाही.

महिना-दीड महिन्यानंतरची गोष्ट. दुपारी चारच्या सुमारास एक बाई रेकॉर्ड रूमच्या दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. सोबत भाचा. दाव्यासाठी केसपेपरच्या नकला हव्या होत्या. ताईंनी अर्जावरचा नोंदणी क्रमांक पाहिला आणि त्यांचा हात थबकला. वय १९, मोटारसायकल.

नकलांची फी भरून, अर्जावर सही-शिक्का घेऊन भाचा झेरॉक्सला गेला. बाई बाकावर बसून राहिल्या. ताईंनी पाण्याचा पेला पुढे केला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग बाईच म्हणाल्या, “ताई, तुमाला या कागदातलं कळतंय न्हवं? माज्या पोराला लई लागलं व्हतं का?”

“हो मावशी. खूप लागलं होतं. पोटात आत तुटलं होतं.”

“लोक म्हंत्यात, तालुक्याला दोन तास घालवलं नसतं, तर वाचला असता. खरं हाय का?”

रेकॉर्ड रूममध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत होता. पस्तीस गुणांचा माणूस वाचतच नाही, असं सांगणं ताईंना सहज शक्य होतं. त्या माउलीला तेवढाच दिलासा. पण ते खरं नव्हतं. पस्तीस गुणांची माणसं वाचल्याच्या ओळीही त्यांच्या वहीत होत्या. आणि वेळेत आणलं असतं तर वाचलाच असता, हेही खरं नव्हतं. एका ओळीला ते सांगता येत नाही. हजारो ओळी एकाखाली एक लिहिल्या गेल्या, प्रत्येकीत जखमही खरी आणि वेळही खरी असली, तर कधीतरी त्या मिळून सांगतील, की तालुक्यातले दोन तास किती जीव घेतात.

“मावशी, ते मला नाही सांगता येणार,” ताई म्हणाल्या. “पण त्याला किती लागलं होतं आणि त्याला इथे यायला किती वेळ लागला, ते दोन्ही मी लिहून ठेवलंय. खोटं काही लिहिलं नाही.”

बाईंनी मान हलवली. मग हळूच विचारलं, “कुटं लिवलंय?”

ताईंनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. तिथे नाव नव्हतं. या नोंदीत नावं ठेवत नाहीत. एक क्रमांक, वय, वेळा आणि शेवटच्या रकान्यात ३५. बाईंना वाचता येत नसावं, पण आकडे कळत होते. त्यांनी बोट पुढे केलं आणि काचेला न लावता त्या आकड्यापाशी धरलं.

“ह्ये त्येचं?”

“हो.”

बाई थोडा वेळ तशाच बसल्या. भाचा नकला घेऊन आला. ताईंनी एकेक पान तपासून, क्रमाने लावून, टाचून दिलं. शस्त्रक्रियेचं पान जागेवर आहे ना, हे पुन्हा एकदा पाहिलं. बाईंनी कागद पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली, “येते ताई” म्हणाल्या आणि गेल्या.

मामांनी पुढचा गठ्ठा टेबलावर आणून ठेवला. ताईंनी चष्मा पुसला आणि वरचा केसपेपर उघडला. वय ३४, स्त्री, रस्ता ओलांडताना. बरगड्या मोडलेल्या. किती, ते लिहिलेलं होतं.